चार सूत खोलीत भीमसेन

पंडित भीमसेन जोशींचा चेहरा लाकडात कोरायला घेणारा माणूस बहुधा एकच फोटो डोक्यात धरून बसतो. तान ऐन भरात, डोळे मिटलेले, तोंड उघडं, एक हात पुढे झेपावलेला. फोटो म्हणून तो उत्तमच. उठावशिल्पाला, म्हणजे सपाट फळीतूनच थोडा उंचावून कोरलेल्या आकाराला, मात्र तो सगळ्यांत अवघड, आणि पहिल्या कामाला तर घेऊच नये. याचं कारण खोलीच्या हिशेबात आहे. तेव्हा आधी हिशेब, मग लाकूड आणि हत्यारं.

फळी १८ इंच उंच, १२ इंच रुंद, जाडी दीड इंच धरू. डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंत चेहरा ७ इंच. उठाव चार सूत, म्हणजे अर्धा इंच. सुताराकडे इंचाचे आठ सूत असतात, पण इथून पुढे मिलिमीटरच वापरू, कारण नाकपुडीच्या कामाला सूत फार जाड पडतं. अर्धा इंच म्हणजे जवळपास साडेबारा मिलिमीटर. वरचा अर्धा मिलिमीटर घासण्यात जाणार, हातात उरतात १२. पाऊण चेहरा दिसतो अशा कोनातून खऱ्या माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानामागपर्यंतचं अंतर १५ सेंटिमीटरच्या आसपास असतं. आपला चेहरा खऱ्याहून थोडा लहान, म्हणून ते १२ सेंटिमीटर होतं. हे १२ सेंटिमीटर १२ मिलिमीटरमध्ये बसवायचे आहेत. दहास एक.

सगळं सारखंच दाबलं तर चेहरा मेलेला दिसतो. डोळा जिथे रेंगाळतो त्या पुढच्या भागाला खोलीचा मोठा वाटा द्यायचा आणि मागच्या भागाला कमी. पार्श्वभूमी शून्य धरली तर उंची साधारण अशी ठेवता येते: नाकाचा शेंडा १२, जवळची भुवई साडेदहा, जवळच्या गालाचं हाड आणि वरचा ओठ १०, हनुवटी ९, मिटलेल्या पापणीचा फुगवटा साडेआठ, डोळ्याचा आतला कोपरा ७, जवळचं कानशील साडेसात, कान ६, मान साडेचार, पलीकडच्या गालाची कडा ४, आणि डोक्यामागचे केस ४ पासून उतरत २ पर्यंत. आकड्यांत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल, क्रम चुकून चालणार नाही. कान गालाच्या वर आला, किंवा पलीकडचा डोळा जवळच्या डोळ्याच्या बरोबरीने बसला, तर बाकी कितीही बारीक काम केलं तरी माणूस ओळखू येत नाही.

आता त्या झेपावलेल्या हाताकडे बघा. हात चेहऱ्याच्या पुढे असेल तर १२ ही उंची हाताला द्यावी लागते. बोटांची जाडी दाखवायला तीन-चार मिलिमीटर गेले की नाकाला उरतात आठ, आणि चेहरा नाण्यावरच्या छापासारखा चपटा होतो. म्हणून हात हवाच असेल तर तो खांद्याच्या रेषेत, बाजूला पसरलेला असा फोटो शोधावा. हाताशिवायचा असेल तर अधिक बरं. भीमसेनजींची ओळख हातवाऱ्यांत जितकी आहे तितकीच भुवया, मिटलेल्या पापण्या आणि जबड्यात आहे, आणि ती १२ मिलिमीटरमध्ये मावते.

फोटोची दुसरी अट प्रकाशाची. उजेड एका बाजूने, वरून साधारण ४५ अंशात आलेला हवा. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत नाकाची बाजू, गालाचा उतार, ओठाखालचा खळगा असं काहीच कळत नाही. अशा फोटोवरून कोरणारा शेवटी अंदाजाने कोरतो, आणि अंदाजातून कुणाचा तरी चेहरा होतो, भीमसेनजींचा होत नाही. मैफलीच्या फोटोंत आणखी दोन अडचणी असतात. मंचाच्या खालून काढलेल्या फोटोत हनुवटी आणि नाकपुड्या मोठ्या दिसतात, कपाळ आखूड होतं. आणि माईक नेमका ओठांसमोर येतो. माईकमागचं तोंड मनाने भरून काढू नये. तोंड पूर्ण दिसणारा फोटो मिळेपर्यंत थांबावं. लांबून, मोठ्या लेन्सने काढलेला फोटो सगळ्यांत भरवशाचा, कारण जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात.

एक मुख्य फोटो आणि त्याच सुमाराचे दोन-तीन मदतीचे फोटो, एवढं पुरतं. ‘त्याच सुमाराचे’ यावर जोर आहे. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि पंडितजी २०११ साली गेले. इतक्या वर्षांचे फोटो लोकांकडे आहेत. तिशीतल्या फोटोतला जबडा आणि सत्तरीतले गाल एकत्र केले की दोन्ही वयांचे भीमसेन हातचे जातात. शिवाय फोटो कुणीतरी काढलेला असतो. घरात लावायला कोरणं वेगळं. विकायचं किंवा प्रदर्शनात मांडायचं असेल तर छायाचित्रकाराची परवानगी आधी घ्यावी.

उघड्या तोंडाविषयी इथेच सांगून टाकतो. बंद तोंडाच्या फोटोवरून उघडं तोंड ‘तयार’ करता येत नाही. तोंड उघडलं की जबडा खाली जातो तसाच थोडा मागेही जातो, गाल लांबट आणि सपाट होतात, नाकाच्या बाजूने ओठाकडे येणारी वळी सरळ होते, हनुवटीखालची कातडी दबते. भुवयांचंही तसंच. गाताना भुवया वर गेल्या असतील तर कपाळावर आडव्या आठ्या पडतात आणि पापणीवरची कातडी ताणून गुळगुळीत होते. भुवया एकमेकींकडे ओढल्या असतील तर मधे उभ्या आठ्या येतात आणि डोळ्याच्या कोपऱ्याशी सुरकुत्या. आपल्या फोटोत यातलं काय आहे हे आधी ठरवावं. दोन्हींची भेसळ झाली तर सुराऐवजी दुखणं दिसतं.

फोटो ठरला की तो खऱ्या मापात ए-थ्री कागदावर दोन प्रतींत छापून घ्यावा. एक प्रत उतरवून घ्यायला, दुसरी शेवटपर्यंत समोर टांगायला. मोबाईलमध्ये फोटोचे पाच-सहा करड्या छटांचे पट्टे करून बघतात. उजेड-सावलीची रचना समजायला ते ठीक आहे, पण छटा म्हणजे खोली नव्हे. काळे केस गडद दिसतात म्हणून ते खोल नसतात. संगणकाच्या साहाय्याने कोरणाऱ्या यंत्राला थेट फोटो दिला तर हीच चूक यंत्र इमानेइतबारे करून दाखवतं.

लाकडाला हात लावण्याआधी शाडूत एक उठाव करून बघावा. गणपतीच्या दिवसांच्या आगेमागे पुण्यात शाडू सहज मिळतो. प्लायच्या तुकड्यावर, त्याच मापाचा, तोच १२ मिलिमीटरचा उठाव. शाडूत भर घालता येते, खरवडता येतं, नाक अर्धा सेंटिमीटर सरकवता येतं. सुकताना शाडू आकसतो आणि तडकतो, म्हणून वर ओलं फडकं ठेवावं आणि मापं माती ओली असतानाच घ्यावीत. या मातीच्या चेहऱ्यावर दिवा बाजूने धरून साम्य दिसत नसेल तर लाकडात ते आपोआप येणार नाही.

लाकूड घ्यायला पुण्याच्या भवानी पेठेतला टिंबर मार्केट. सागवान सगळेच सुचवतील. टिकाऊ आहे, कमी हलतं, वाळवीला दाद देत नाही. पण चेहऱ्याला सागात दोन गोष्टी नडतात. एक, त्यातल्या वाळूसारख्या कणांमुळे धार लवकर मरते. दुसरी, सागाच्या वार्षिक वलयांच्या गडद रेषा. आडव्या कापाच्या, म्हणजे वलयांना समांतर चिरलेल्या, फळीत गाल गोल केला की या रेषा नकाशातल्या उंचीरेषांसारख्या गालावर वर्तुळं काढतात, आणि कपाळावर नसलेल्या आठ्या उमटतात. म्हणून साग घ्यायचा तर समोरून सरळ, समांतर, बारीक रेषा दिसणारी फळी निवडून घ्यावी. त्यापेक्षा शिवण जातीची फळी बरी. फिकट पिवळसर, एकसारखी, सागाहून मऊ आणि वाळल्यावर फारशी वाकत नाही. काही फळ्यांत रेषा, म्हणजे लाकडाच्या धाग्यांची दिशा, उलटसुलट असते. दुकानातच रंधा मारून किंवा निदान धारदार चाकूने एक पापुद्रा काढून बघावं. हेदूही बारीक पोताचं आणि कोरायला छान, पण रुंद, बिनगाठीची फळी मिळायला शोधावं लागतं. शिसव सुंदर दिसते, पण गडद रंगात सावली बुडते. जे काम सावलीवरच उभं आहे त्याला ती नको. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळतं, तेही चांगलं मुरलेलं असतं. फक्त त्यावरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय पटाशी लावू नये. आत मोडून राहिलेला एक खिळा चांगल्या धारेचा बळी घेतो.

रंधून, कडा कापून १८ बाय १२ मिळायला फळी २० बाय १३ इंच घ्यावी. दीड इंच जाडीला हे पाव घनफुटाहून थोडं कमी भरतं. गाठ, चीर आणि बाहेरचं पांढरं लाकूड नको. ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर स्वस्तात मिळतं. १० ते १२ टक्के दाखवलं की काम सुरू करायला हरकत नाही. फळी घरी आणून, खाली पट्ट्या घालून, चारी बाजूंनी वारा लागेल अशी काही आठवडे ठेवावी आणि दोन्ही टोकांच्या कापांना मेण किंवा रंग लावावा, कारण लाकूड टोकांतून सगळ्यांत झपाट्याने सुकतं आणि तिथेच फाटतं. पुण्याचा मे कोरडा ठणठणीत आणि जुलै दमट. या दोन टोकांमध्ये फूटभर रुंदीची आडव्या कापाची सागाची फळी दोन-तीन मिलिमीटर सहज हलते. मे महिन्यात घट्ट चौकटीत ठोकून बसवलेलं काम पावसात चौकट फोडतं, किंवा स्वतः बाक काढतं.

इतकी रुंद फळी एकसंध मिळाली नाही तर चार-चार इंचांच्या तीन पट्ट्या जोडाव्यात. टेबलाच्या फळीसाठी सुतार वलयं उलटसुलट ठेवतो. कोरीवकामात तिन्ही पट्ट्यांची रेषा एकाच दिशेला हवी, नाहीतर सांधा ओलांडला की पटाशी लाकूड उपटायला लागते. सांधा डोळा, नाक, ओठ यांतून जाऊ देऊ नये. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवायच्या कडा ताज्या रंधून, थिनरने पुसून लगेच फेविकॉल लावावा. रेषा उभी ठेवावी, म्हणजे नाकाचा कणा रेषेच्या लांबीत येतो आणि सहज तुटत नाही.

हत्यारं आठ-नऊ पुरतात. सपाट पटाशा एक इंच आणि पाव इंच; उथळ गोल पटाशा २०, १२ आणि ६ मिलिमीटर; खोल गोल ८ आणि ३ मिलिमीटर; ६ मिलिमीटरची व्ही पटाशी; एक तिरक्या तोंडाची बारीक पटाशी; शिवाय चाकू आणि लाकडी हातोडी. बोहरी आळीत बारा नगांचे स्वस्त संच मिळतात. त्यातल्या निम्म्या पटाशांचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, कच्चं असतं आणि धारेचा उतार फार बोथट. शिवणीला साधारण २० ते २२ अंश, सागाला २५ अंश असा उतार घासून घ्यावा. ग्राइंडरवर घासताना पातं निळं पडलं की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. म्हणून दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं. मग दगड, मग चामड्याच्या पट्टीवर हिरवं पॉलिश. गोल पटाशी घासताना मनगट फिरवत राहायचं आणि आतल्या बाजूचा काटा, म्हणजे घासल्याने वळलेली बारीक कड, गोल कडेच्या छोट्या दगडाने काढायचा. धार तपासायला नखावर घासू नये. मऊ लाकडाच्या तुकड्यावर रेषेला आडवा काप घ्यावा. काप चकचकीत आला तर धार आहे. त्यात पांढरी रेघ दिसली तर धारेत खाच आहे. काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्टीवर चार हात मारले तर दगडाकडे क्वचितच जावं लागतं. बिघडलेल्या कामांत कमी धारेचा वाटा कमी कौशल्याहून मोठा असतो.

फळी टेबलाला शिकंज्यांनी घट्ट हवी आणि दोन्ही हात धारेच्या मागे. एका हाताने फळी धरून दुसऱ्याने कोरणाऱ्याची पटाशी कधी ना कधी तळव्यात जाते.

चारी बाजूंना एक इंचाची कड मूळ उंचीवर राखून ठेवायची. ती नुसती चौकट नाही, मापाचा आधार आहे. दोन कडांवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि व्हर्नियर या बारीक मापाच्या सरकपट्टीच्या मागची दांडी खाली सोडली की कुठल्याही बिंदूची खोली कळते. आपले आकडे पार्श्वभूमीपासूनचे आहेत, म्हणून वजाबाकी लक्षात ठेवावी: पापणी साडेआठला हवी, तर पट्टीपासून खाली चार. चित्र कार्बनने उतरवलं की पहिल्याच दिवशी ते कोरून निघून जातं. त्यासाठी कडेवर खुणा कराव्यात आणि बटर पेपरवर तशाच. डोळ्यांचे कोपरे, नाकाचं बूड, ओठांचे कोपरे, कानाचं टोक इथे कागदाला भोकं पाडावीत. कागद खुणांवर बसवून भोकांतून पेन्सिल टेकवली की बिंदू परत जागेवर. हे दर थरानंतर करावं लागतं, आणि कंटाळा येतो तो नेमका इथेच.

बाह्यरेषेवर थेट पटाशी उभी ठोकू नये. आधी रेषेपासून दोन मिलिमीटर बाहेर व्ही पटाशीने चर काढायचा, मग त्याच्या बाहेरचं लाकूड उतरवायचं, आणि शेवटी रेषेवर यायचं. सरळ ठोकलं तर जबड्याखाली आणि खांद्यावर, जिथे रेषा आडवी कापली जाते तिथे, कड फुटून येते. पार्श्वभूमी राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याच्या विजेवरच्या यंत्राने, उतरवायला हरकत नाही. ६ मिलिमीटरचं पातं, एका फेरीत ३ मिलिमीटरहून जास्त नको, आणि शेवटचा एक मिलिमीटर पटाशीला ठेवावा. राउटरने केलेली काचेसारखी सपाट पार्श्वभूमी चेहऱ्याला मारक ठरते. उथळ गोल पटाशीचे हलके घाव तिथे असले की चेहऱ्याची कातडी आणि मागची हवा वेगळी दिसते.

मग ठोकळे. कपाळाचा पुढचा भाग, कपाळाची बाजू, नाकाची पाचर, गालाचा उतार, तोंडाचा उभार, हनुवटी, मान. एक इंची पटाशीने आणि २० मिलिमीटरच्या गोल पटाशीने एवढेच पृष्ठभाग. डोळा नाही, ओठ नाही. या अवस्थेत नाकाचा शेंडा सोडून बाकी सगळं ठरलेल्या उंचीपेक्षा दीड मिलिमीटर वर ठेवायचं, आणि दिवा फोटोतल्या उजेडाच्याच बाजूला, तेवढ्याच कोनात लावायचा. सहा-सात फुटांवरून बघावं, मग आरशातून बघावं. डोळे-ओठ नसतानाही भीमसेनजी वाटले पाहिजेत. वाटत नसतील तर पुढे जाऊ नये, कारण आता दीड मिलिमीटर हाताशी आहे, नंतर नसतो. सगळ्यांचा हात डोळ्यांकडे धावतो. डोळा आधी कोरला आणि तो दोन मिलिमीटर वर निघाला, तर नाक, भुवई, गाल सगळं त्याच्यामागे फरफटत न्यावं लागतं. प्रमाण मोजून बघा: डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. नवख्या कामात ते हमखास वर चढलेले असतात, आणि कपाळ आखूड होतं. तोंड उघडं असेल तर जबड्याने वाढलेली लांबी आधी वजा करावी.

कापण्याची दिशा एकाच नियमाने चालते: उंचावरून सखलाकडे. नाकाच्या शेंड्याकडून भुवयांमधल्या खळग्याकडे, आणि शेंड्याकडूनच खाली ओठाकडे. भुवईकडून डोळ्याच्या खोबणीत, गालाकडून खोबणीत. दोन उतार खोबणीच्या तळाशी भेटतात तिथे लाकूड उपटतं. तिथे तिरकी पटाशी, रेषेला आडवी, अगदी पातळ काप घेत चालवावी. पटाशीपुढे लाकूड फाटत जाताना दिसलं की थांबून उलट बाजूने यायचं. जोर वाढवणं हा उपाय नव्हे.

नाक कोरताना बाजू फार उभ्या होतात. उथळ उठावात नाकाची बाजू उताराचीच हवी, नाहीतर नाक वरून चिकटवल्यासारखं दिसतं. नाकपुडीचं भोक पाडू नये. ३ मिलिमीटरच्या खोल गोल पटाशीने वरून आत एक तिरका काप, सावली आपोआप पडते.

मिटलेला डोळा उघड्यापेक्षा सोपा वाटतो, पण नसतो. पापणी म्हणजे डोळ्याच्या गोलावर ताणलेलं आवरण आहे. आधी गोलाचा फुगवटा, मग त्यावर पापणी. वरची पापणी मोठी, खालची लहान, त्यामुळे दोन्ही पापण्या मिळतात ती रेघ मध्यावर येत नाही, खाली येते आणि खालच्या बाजूला वाकते. ती मध्यावर काढली की माणूस झोपलेला दिसतो. ही रेघ व्ही पटाशीने ओढू नये. वरच्या पापणीची कड जेमतेम अर्धा मिलिमीटर वर ठेवून खालची तिच्याखाली सरकवावी. भुवईचे केस एकेक कोरायचे नाहीत. भुवईचा उंचवटा, त्यावर ३ मिलिमीटरच्या पटाशीचे पाच-सात तिरके घाव, बस.

उघड्या तोंडाचा आतला तळ पार्श्वभूमीपासून ५ मिलिमीटर उंचीपर्यंत खाली नेला तरी पुरतो. अंधार खोलीने येत नाही, वरच्या ओठाची कड खालून थोडी पोखरल्याने येतो. दात दिसत असतील तर वरच्या दातांची एकच सलग पट्टी ठेवावी, मधे दोन-तीन अस्पष्ट खुणा. दात मोजता आले की चेहरा बिघडला. जिभेचा हलका फुगवटा पुरे. सुरकुत्यांनाही हेच लागू: सुरकुती ही रेघ नसते, दोन उंचवट्यांमधली दरी असते. आधी दोन्ही बाजू गोल करा, सुरकुती आपसूक होते. नुसत्या कोरलेल्या रेघा चेहऱ्यावर ओरखड्यांसारख्या दिसतात.

केसांचे मोठे झुबके आधी, मग प्रत्येक झुबक्यात खोल गोल पटाशीच्या कमी-जास्त रुंदीच्या पन्हळी. सारख्या अंतराच्या समांतर रेघा मारल्या की कंगवा फिरवलेली माती दिसते. कुर्ता आणि शाल पटकन उरकावी. दोन-तीन मोठ्या घड्या, बस. कापड जितकं बारीक तितकं लक्ष चेहऱ्यावरून ढळतं.

तानपुरा मागे ठेवायचा तर त्याची दांडी खांद्यामागून, दोन-अडीच मिलिमीटर उठावात. भीमसेनजींच्या मैफलीत तानपुरे मागे साथीला असायचे, त्यामुळे ही जागा खरीही आहे. चार तारांच्या तानपुऱ्याच्या खुंट्या बघून काढाव्यात: दोन समोरून, एकेक दोन्ही बाजूंना. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे. दांडीची जाडी, खुंट्यांचा आकार तिथे नीट बघता येतो. तिथले कोरीव दरवाजे आणि जवळच्या विश्रामबागवाड्याचं लाकडी काम बघताना एकच गोष्ट तपासावी: उजेड बाजूने पडला की किती कमी खोलीत किती जाड सावली मिळते. तारा उठावात काढण्याच्या फंदात पडू नये. दांडी तिरकी असेल तर अर्ध्या मिलिमीटरची उठावातली तार रेषेला आडवी जाते आणि टवका उडतो. सगळं झाल्यावर स्टीलच्या पट्टीला टेकवून चाकूच्या टोकाने चार बारीक रेघा ओढाव्यात.

टवका उडालाच तर तो आधी शोधून ठेवावा. तोच तुकडा फेविक्विकने परत बसला तर सांधा दिसत नाही. तुकडा हरवला तर तुटलेली जागा सपाट करून त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून, रेषा त्याच दिशेला ठेवून ठिगळ लावायचं. भुसा आणि फेविकॉलचा लगदा भरू नये. पॉलिश लागलं की तो डाग म्हणून उठून दिसतो. डोळा ठरल्यापेक्षा खोल गेला तर ठिगळ लावता येत नाही. मग भुवई, नाक, गाल सगळं त्या प्रमाणात खाली घ्यावं लागतं. तो दीड मिलिमीटर राखायचा तो यासाठी.

पॉलिश पेपर सगळ्यांत शेवटी, आणि फक्त कातडीवर: १८०, मग २४०, मग ३२० नंबरचा. एकदा घासायला सुरुवात केली की पटाशी परत लावायची नाही, कारण पेपरचे कण लाकडात रुततात आणि धार खातात. केस, कपडे, पार्श्वभूमी यांना पेपर नको. चेहऱ्यावरही कपाळ, गाल आणि नाकाचा कणा एवढंच घासावं. पापण्या आणि ओठांच्या कडा घासल्या की साबणाच्या वडीसारख्या विरघळतात. सागाच्या भुशाने काहींना शिंका येतात, कातडीला खाज सुटते, म्हणून मास्क हवाच.

चकचकीत व्हार्निश लावू नये. गालावर आणि नाकावर दिव्याचे ठिपके चमकतात आणि सावल्या तुटतात. चपडी लाखेचं पातळ पॉलिश दोन हात, मग मधमाशीचं मेण टर्पेंटाईनमध्ये पातळ करून, जुन्या टूथब्रशने कोपऱ्यांत पोचवून, सुती कपड्याने पुसून काढलेलं. हे शिवणीला छान बसतं. सागाला नुसतं उकळलेलं जवसाचं तेलही चालतं, पण पातळ हात आणि मधे पुरेसं सुकणं. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि असे बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून, उघड्यावर वाळवूनच फेकावेत. जे पुढे लावलं तेच मागच्या बाजूलाही लावावं, नाहीतर ओलावा एकाच बाजूने आत-बाहेर करतो आणि फळी बाक धरते. केसांना वेगळा काळा रंग देण्याचा मोह होतो. तो आवरावा, उठावाचं काम रंगाने केलं की कोरण्याला अर्थ राहत नाही.

मागे आडव्या पट्ट्या लावायच्या असतील तर त्या चिकटवू नयेत. मधला स्क्रू घट्ट, कडेचे दोन लांबट भोकांत, म्हणजे फळीला हलायला वाव राहतो. सागाची ही फळी कोरून झाल्यावर तीन किलोच्या आतबाहेर भरते. ४५ अंशात कापलेल्या दोन पट्ट्या, एक भिंतीला आणि एक फळीला, एकमेकींत अडकवल्या की वजन सारखं पेललं जातं आणि मागे वाराही खेळतो. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर लावूच नये. समोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइट चेहरा पुसून टाकते. कोरताना दिवा ज्या बाजूला होता त्याच बाजूला, वरून, एक छोटा पिवळसर स्पॉट लावावा. खालून लावला तर भुवया आणि नाकाच्या सावल्या उलट्या पडतात आणि चेहरा भेसूर दिसतो. धूळ कोरड्या, मऊ रंगाच्या ब्रशने काढावी. ओलं फडकं लावलं की पापण्यांच्या कोपऱ्यांत मेण आणि धुळीचा काळा लेप बसतो, आणि तो टर्पेंटाईन लावलेल्या काडीने एकेक कोपरा करत काढावा लागतो.